फ्ल्यूची साथ दरसाल नवी का?



माळव्यात आषाढाची पहिली झड लागली, की धार आणि देवास या गावांच्या घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी अंग मोडून येते, दुपारी कणकण भरते, रात्री डोके ठणकू लागते आणि कोरडा खोकला काही केल्या थांबत नाही. घरातील एक माणूस अंथरूण धरते. चार दिवसांनी ते उठते, तो दुसरे आडवे होते. मग माजघरातून एक प्रश्न निघतो. "गोवर एकदा येऊन गेला म्हणजे जन्माची सुटका होते. हा ताप मात्र मागच्याच साली येऊन गेला, कोणी लसही टोचून घेतली; मग यंदा तो पुन्हा कसा आला?"

हा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधण्यात जगातील शास्त्रज्ञांची नव्वद वर्षे खर्ची पडली आहेत. आज त्या उत्तराचा विचार करू, आणि ते धार-देवासच्या माणसाच्या काय उपयोगी पडेल तेही पाहू.

ही दोन्ही गावे मराठी वाचकाला परकी नाहीत. पवारांच्या घराण्याने पेशवाईच्या काळात माळव्यात जी राज्ये उभारली, त्यांतील एक धारचे. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या दोन गाद्या झाल्या. एकीस थोरली पाती म्हणत, दुसरीस धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, आणि हद्द गावातल्या रस्त्यांवरून गेलेली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि हद्दी पुसल्या गेल्या. रोगाला त्या हद्दी कधीच ठाऊक नव्हत्या. थोरल्या पातीत शिंकलेल्या माणसाचा फ्ल्यू धाकट्या पातीत जाण्यास परवाना लागत नसे.

आपल्या वाडवडिलांनी या रोगाचे अत्यंत उग्र रूप १९१८ साली पाहिले. मराठी मुलखात त्याला 'मानमोडी' असे नाव पडले. जून महिन्यात मुंबईच्या बंदरात त्याची पहिली चाहूल लागली. ती लाट तुलनेने सौम्य होती. पण सप्टेंबरात दुसरी लाट उसळली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. मुंबईहून आगगाडीच्या वाटेने ती साथ देशभर पसरली. मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड यांची हानी सर्वांत भयंकर झाली, आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानेही तिच्यातून सुटली नाहीत. धार आणि देवास या राजधान्यांपर्यंत त्या काळी लोहमार्ग पोहोचला नव्हता. जवळची स्टेशने म्हणजे मऊ आणि इंदूर. पण स्टेशनापासून पुढचा प्रवास बैलगाडीने केला म्हणून माणसाबरोबर आलेला रोग मागे राहत नाही. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. या साथीत हिंदुस्थानात किती माणसे दगावली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत आहेत. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमीच भरली.

त्या वेळी रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्रूझ आणि लेडलॉ या तिघांनी रोग्याच्या घशातील स्राव फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातला. त्या प्राण्याला ताप आला, तो शिंकू लागला, आणि माणसाच्या फ्ल्यूचा विषाणू प्रथमच हाती लागला. आजही जगातील प्रयोगशाळांत विषाणूची पारख करण्यासाठी फेरेटचे रक्त वापरतात.

हा विषाणू कसा असतो? त्याच्या पोटात आठ सुट्या तुकड्यांत लिहिलेला एक मजकूर असतो, सुमारे साडेतेरा हजार अक्षरांचा. बाहेरून त्याच्या अंगावर दोन प्रकारच्या प्रथिनांचे खुंट उभे असतात. एका प्रथिनाच्या बळावर तो आपल्या श्वासमार्गातील पेशीला चिकटतो. दुसऱ्याच्या साहाय्याने नवे विषाणू पेशीपासून सुटून बाहेर पडतात. पहिल्याचे संक्षिप्त नाव 'एच' आणि दुसऱ्याचे 'एन'. वर्तमानपत्रांतून आपण एच-१ एन-१, एच-३ एन-२ अशी नावे वाचतो, ती या दोन खुंटांच्या जातींवरून पडलेली आहेत.

आपले शरीर विषाणूला ओळखते ते मुख्यतः या बाहेरच्या खुंटांवरून. एकदा रोग होऊन गेला किंवा लस टोचली, म्हणजे रक्तात त्या खुंटाला नेमकी जाऊन बिलगणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. समजा, गावाच्या नाक्यावर एक चाणाक्ष शिपाई बसवला आहे. तो माणूस ओळखतो पगडीवरून. एखादा लबाड एकदा होळकरी पगडी घालून आला आणि पकडला गेला, की ती पगडी शिपायाच्या डोळ्यांत ठसते. पुन्हा तीच पगडी दिसली, तर तो तिला नाक्याच्या आत पाऊल टाकू देणार नाही.

आता अडचण अशी आहे, की या विषाणूची पगडी स्थिर राहत नाही. आपल्या पेशीत शिरल्यावर तो स्वतःच्या मजकुराच्या हजारो नकला काढवतो. दप्तरातला जुना कारकून नक्कल झाली म्हणजे ती मूळ कागदाशी ताडून पाहत असे. या विषाणूच्या कारखान्यात ताडून पाहणारा कोणी नाही. म्हणून प्रत्येक नकलेत एखादी चूक राहून जाण्याचा बराच संभव असतो. बहुतेक चुका निरर्थक असतात, कित्येक विषाणूला स्वतःलाच घातक ठरतात. पण लक्षावधी चुकांतली एखादी नेमकी 'एच' खुंटाच्या माथ्यावर पडते आणि पगडीचा एक पेच बदलतो. नाक्यावरचा शिपाई क्षणभर घोटाळतो, आणि तेवढ्यात तो आत शिरतो. ज्यांच्या अंगी जुनी ओळख आहे अशा गावात या नव्या पेचाच्या विषाणूला इतरांहून अधिक वाट मिळते. म्हणून तोच वाढतो आणि जुना मागे पडतो. विषाणूला अक्कल असते असे नव्हे. निवड करतात ती आपली प्रतिद्रव्येच.

या हळूहळू होणाऱ्या बदलाला शास्त्रज्ञ प्रतिजनांचे सरकणे म्हणतात. दरसाल एक-दोन पेच बदलतात आणि चार-पाच वर्षांनी जुन्या शिपायाला पगडी ओळखेनाशी होते. गोवराच्या विषाणूतही चुका होतात, परंतु त्याच्या ओळखीच्या खुणा बदलल्या तर त्याचे कामच चालत नाही. म्हणून गोवराची एकदा मिळालेली ओळख जन्मभर पुरते. माजघरातील प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. मागच्या साली आला तो याच घराण्यातला, पण यंदाची पगडी निराळी.

दुसऱ्या एका बदलाची गल्लत याच्याशी करता कामा नये. विषाणूचा मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असल्यामुळे, माणसाचा आणि पक्ष्याचा असे दोन विषाणू एकाच पेशीत शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन अगदीच नवा विषाणू जन्माला येऊ शकतो. तो आला म्हणजे साऱ्या जगाचे शिपाई एकाच वेळी हतबुद्ध होतात. १९५७ साली असेच झाले. त्या वर्षी मे महिन्यात सिंगापुराहून आलेल्या बोटीबरोबर ती साथ मद्रासला उतरली, आणि फेब्रुवारी १९५८ पर्यंत भारतात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख रोग्यांची व सुमारे अकराशे मृत्यूंची नोंद झाली. १९६८ साली पुन्हा तोच प्रकार घडला, आणि एच-३ एन-२ हा विषाणू माणसांत आला. असे प्रसंग पिढीतून एखादा-दुसराच येतात. जगाचे लक्ष त्यांच्याकडेच जाते. पण दोन महासाथींच्या मधल्या दीर्घ काळात माणसे आजारी पडतात आणि मरतात, त्यातला मोठा वाटा त्या मुकाट्याने चाललेल्या सरकण्याचा असतो. १९६८ साली आलेल्या एच-३ एन-२ ने तेव्हापासून इतके पेच बदलले, की त्याच्यासाठी लशीतला नमुना पंचवीसांहून अधिक वेळा बदलावा लागला आहे.

आपल्या देशाचा अगदी अलीकडचा अनुभव या दृष्टीने फार बोधप्रद आहे. २००९ साली एच-१ एन-१ चा नवा विषाणू जगात पसरला. त्यालाच लोक 'स्वाइन फ्ल्यू' म्हणू लागले. भारतातला त्याचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. पुढे तो विषाणू नेहमीच्या हंगामी विषाणूंत जमा झाला आणि लोक त्याला विसरले. मग २०१५ च्या आरंभी अकस्मात मोठी साथ आली. राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या सलग पट्ट्याला तिचा मोठा तडाखा बसला. देशात बेचाळीस हजारांहून अधिक रोगी आणि सुमारे तीन हजार मृत्यू नोंदले गेले; मध्य प्रदेशात शेकडो माणसे दगावली.

विषाणू बदलला की काय, हा प्रश्न तेव्हा साहजिकच उपस्थित झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या दोघा संशोधकांनी मार्च २०१५ मध्ये सांगितले, की भारतातील विषाणूच्या 'एच' खुंटात चिंताजनक फरक दिसतात. भारत सरकारने आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ते अमान्य केले. विषाणू २००९ च्या नमुन्यासारखाच आहे असे त्यांचे म्हणणे पडले. या वादातील एक गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही. त्या अमेरिकन संशोधकांना भारतातील अलीकडच्या विषाणूंचे मजकूर जगाच्या खुल्या दप्तरात अवघे दोन सापडले होते. सव्वाशे कोटींच्या देशाविषयी दोन कागदांवरून वाद घालण्याची पाळी यावी, ही काही समाधानाची गोष्ट नव्हे.

लवकरच पगडी खरोखर बदललेली आढळली. या विषाणूची एक नवी शाखा जगभर पसरत होती. तिच्या 'एच' खुंटात मोजकेच फरक होते; त्यांतील एकामुळे खुंटावर साखरेच्या रेणूंचे एक आवरण चढण्याची सोय झाली आणि ओळखीची जागा झाकली गेली. गंमत अशी, की फेरेटच्या रक्ताला जुना आणि नवा विषाणू सारखेच वाटत होते, पण कित्येक प्रौढ माणसांच्या रक्ताला नवा विषाणू नीट ओळखता येत नव्हता. फेरेटने आयुष्यात एकच विषाणू पाहिलेला असतो. माणसाच्या शिपायाला मात्र लहानपणापासूनच्या सवयीने पगडीचा एखादाच विशिष्ट पेच पाहण्याची खोड लागलेली असते. बदलला तो नेमका तोच पेच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये दक्षिण गोलार्धाच्या लशीतला २००९ चा 'कॅलिफोर्निया' नमुना काढून त्याजागी २०१५ चा 'मिशिगन' नमुना घालावा, अशी शिफारस केली. नमुना जेथे सापडतो त्या जागेचे नाव त्याला देतात, एवढाच या नावांचा अर्थ.

२०१७ च्या पावसाळ्यात भारतात पुन्हा साथ उसळली. पुण्याच्या संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत हाच मिशिगन प्रकार आढळला. त्या वर्षी देशात अडतीस हजारांहून अधिक रोगी आणि सव्वादोन हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. आता एक हिशेब करून पाहा. ज्या गृहस्थाने युरोप-अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे २०१६ च्या ऑक्टोबरात उत्तर गोलार्धाची लस घेतली, त्याला मिळाला कॅलिफोर्निया नमुना. ज्याने २०१७ च्या मे महिन्यात दक्षिण गोलार्धाची ताजी लस घेतली, त्याला मिळाला मिशिगन. दोघांनीही सावधगिरी बाळगली होती, दोघांनीही पैसे मोजले होते. पण पहिल्याच्या शिपायाला जुनी पगडी शिकवली होती. शिवाय पावसाळा येईतो त्याला आठ-नऊ महिने होऊन गेले होते, आणि लशीचा प्रभाव महिन्यागणिक ओसरत असतो. माजघरातील प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर ते हे.

आता गावाकडे वळू. विषाणू जर जगभर सारखाच हिंडतो, तर एखाद्या साली देवासला घरोघरी अंथरुणे पडतात आणि धारला काहीच नाही, हे कसे? यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. कोणाच्याही अंगी प्रतिकार नसलेल्या गावात एक रोगी सरासरी दोघांना रोग देतो असे हिशेबापुरते धरा. शंभरांतले पंचावन्न लोक आधीच सुरक्षित असतील, तर एका रोग्यामागे नवे रोगी ०.९ होतील; पंचेचाळीसच सुरक्षित असतील, तर १.१ होतील. फरक दिसायला क्षुल्लक आहे. परंतु रोगाची एक फेरी सुमारे तीन दिवसांत पुरी होते, म्हणजे महिन्यात दहा फेऱ्या. पहिल्या गावात शंभर रोग्यांपासून सुरुवात होऊन महिनाअखेर एका फेरीत जेमतेम पस्तीस नवे रोगी उरतात. दुसऱ्या गावात तेच सुमारे दोनशे साठ होतात. एका ठिकाणी साथ विझते, दुसऱ्या ठिकाणी भडकते.

पगडीचा एखादा पेच बदलतो तेव्हा नेमके हेच होते. कालपर्यंत सुरक्षित असलेल्या पंचावन्नांपैकी दहांची ओळख कुचकामी ठरते, आणि विझणारे गाव पेटणारे गाव बनते. शिवाय माणसांची ये-जा आहेच. इंदूरहून देवासला दिवसभर मोटारी धावतात. धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या कारखान्यांत ठिकठिकाणचे कामगार येतात. पावसाळ्यात ढग पाहायला मांडूला झुंबड उडते, आणि फ्ल्यूचा हंगामही तोच. फाल्गुनात आदिवासी भागात भगोऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा हिवाळ्याअखेरीची लाट पुरती ओसरलेली नसते. आपल्या देशात या रोगाचे दोन हंगाम दिसतात. एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस. २०१५ ची साथ पहिल्या हंगामातली, २०१७ ची दुसऱ्या. देशातील निरनिराळ्या शहरांच्या पाहणीत श्रीनगरचा हंगाम हिवाळ्यात दिसला, तर बहुतेक शहरांचा मुख्य भर पावसाळ्यातच आढळला. काश्मीरचे पंचांग माळव्याच्या उपयोगी पडत नाही, हा त्याचा अर्थ.

तेव्हा धार-देवासच्या माणसाने करावे काय? पहिली गोष्ट अशी, की साठी उलटलेले, गरोदर स्त्रिया, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुले, आणि दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेले यांनी दरसाल लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे, आणि ते दिवाळीत नव्हे, वैशाखात. लशीला आपले काम सुरू करण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी ती अंगी मुरलेली बरी. कुपीवर कोणत्या वर्षाचा नमुना आहे हे विचारण्यात संकोच नको. लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. नमुना नीट जुळला तरी ती शंभरांतल्या चाळीस ते साठ जणांचा आजार टाळते. पण वर केलेले गणित आठवा. पंचेचाळीसांचे पंचावन्न करण्यास तेवढे पुरते.

दुसरी गोष्ट. ताप चढला, श्वास लागू लागला, ओठ निळसर दिसू लागले, तर 'साधे पडसे आहे' म्हणून काढ्यावर दिवस काढू नयेत. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या दोन दिवसांत दिले तर सर्वांत गुणकारी ठरते. विषाणूवर प्रतिजैविकांच्या गोळ्या काही काम करत नाहीत. आणि ज्याला ताप आहे त्याने शाळेत, कारखान्यात किंवा लग्नघरी जाण्याचा अट्टहास धरू नये.

तिसरी गोष्ट थोडी दूरची, पण महत्त्वाची. दवाखान्यात डॉक्टर घशातील स्रावाचा नमुना मागतात तेव्हा बहुतेकांना वाटते, ही नसती उठाठेव. परंतु जबलपूर किंवा भोपाळच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या आणि तेथून पुण्यापर्यंत पोहोचू शकणाऱ्या त्या कापसाच्या बोळ्यातूनच यंदाच्या पगडीची बातमी जगाला कळते. १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटना देशोदेशींचे असे नमुने गोळा करून वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या लशीचा निर्णय घेते. ज्या गावचा नमुना तेथे पोहोचला नाही, त्या गावचा विषाणू त्या निर्णयात नसतो.

१९१८ साली आपल्या वाडवडिलांजवळ या रोगाविरुद्ध काहीच नव्हते. शत्रूचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. आज त्याची दरसालची पगडी आपण वाचू शकतो. ती आपल्याआधी त्यानेच बदलू नये, एवढ्यासाठी वैशाखातली एक टोचणी आणि घशाचा एक नमुना, इतकेच आपल्याकडून मागणे आहे.